उजळणारे मज्जातंतू

कर्करोगाची गाठ काढताना शल्यविशारदापुढे दोन कर्तव्ये असतात : रोगग्रस्त भाग समूळ काढणे आणि निरोगी भागास इजा होऊ न देणे. दुसरे कर्तव्यही तितकेच कठीण असते. चेहऱ्याचे स्नायू हलविणारा मज्जातंतू कानापुढील लाळग्रंथीतून जातो; स्वरयंत्राचा मज्जातंतू थायरॉईड ग्रंथीला लागून असतो. त्यांच्या बारीक, फिकट शाखा भोवतालच्या ऊतींतून वेगळ्या ओळखणे अवघड जाते. एखादी तुटली, तर रुग्णाचा जीव वाचूनही त्याचे हसू वाकडे होते किंवा आवाज बसतो.

सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शल्यविशारद क्विन न्गुयेन आणि २००८ चे रसायनशास्त्रातील नोबेल-मानकरी रॉजर चेन यांच्या गटाने यावर मार्ग शोधला. त्यांनी पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या लहानशा तुकड्याला, प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे द्रव्य उंदरांच्या शिरेतून दिल्यावर सुमारे दोन तासांत त्यांचे मज्जातंतू विशिष्ट प्रकाशात उजळून दिसले. पुढे याच धर्तीचे द्रव्य डोके व मानेच्या शस्त्रक्रियांत रुग्णांवरही तपासले गेले.

रंगद्रव्य शल्यविशारदाच्या कौशल्याची जागा घेत नाही. ते त्याच्या दृष्टीला साहाय्य करते. आपणही शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्या मज्जातंतूंना धोका आहे, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. रोग काढण्यास प्रज्ञा लागते; रुग्णाचे हसू आणि वाणी जपावी असे वाटण्यास करुणा. या संशोधनात दोहोंचा संगम आहे.