कुरळे केस आणि जट: गुंता कसा होतो?

सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल, कुरळ्या केसाचा चपटा. टाळूचं तेल सरळ केसावरून खाली ओघळतं, पण कुरळ्याच्या वळणांवर अडतं. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी. आता केसावरचे खवले बघा. घराच्या कौलांसारखे ते एकावर एक असतात, सगळे टोकाच्या दिशेने. केस कोरडा पडला की ते उचलले जातात आणि शेजारच्या केसात अडकतात. धनगरांचं जेन असंच बनतं: विणकाम नाहीच, लोकर ओली करून तुडवली की तंतू एकमेकांत घुसतात आणि परत सुटत नाहीत.

डोक्यावर हेच झालं की जट. आमच्या लोणी-आंबेगाव भागातच काय, राज्यभर कुणीतरी म्हणतंच, "देवीची आहे, हात लावू नका." मग विंचरणं, धुणं बंद, आणि गुंता आणखी घट्ट! मान दुखते, उवा होतात. अंनिसच्या नंदिनी जाधव आधी ब्युटी पार्लर चालवायच्या. त्यांनी शेकडो बायकांची जट कापून दिली आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे मुळाशी नवा, मोकळा केस असतोच. कात्री तिथे चालते.

पोरीचे केस कुरळे असतील तर कोरडे विंचरू नका. ओल्या केसांना तेल किंवा कंडिशनर लावा, मोठ्या दातांचा कंगवा घ्या. आधी टोकं, मग हळूहळू वर. झोपताना सैल वेणी घाला.