जुन्या भाड्याच्या घराची डागडुजी

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांत पावसाळा सरता सरता भिंतींना ओल धरलेली दिसते. भाडेकरू घाईने सिमेंटचा गिलावा मारून घेतो आणि इथेच फसतो. चुन्यात बांधलेली विटांची भिंत ओल बाहेर टाकीत असते. सिमेंट ती वाट बुजवते, ओल आत कोंडते आणि नवा गिलावा पोपडे धरून सुटतो. आधी फुटकी कौले बदलावीत, पन्हळ साफ करावी, भिंत पुरती वाळू द्यावी. मग चुन्याचाच गिलावा करावा. चुना कालवताना डोळे जपावेत.

खर्च कोणाचा, हा खरा पेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्यांचा चौथा हिस्सा तो केवढा! कित्येकदा गवंड्याचा रोजही त्यातून सुटत नाही. स्वयंपाकाचा ओटा किंवा लाकडी आडोसा कायदा पक्के बांधकाम मानीत नाही. पक्की भिंत मात्र मालकाच्या लेखी संमतीवाचून उभारली, तर घर खाली करण्याचा दावा ओढवतो.