प्रिंटरचा पॉवर सप्लाय बदलताना

घरगुती इंकजेट प्रिंटर एकाएकी निश्चेष्ट झाला, तर तो निकामी ठरवून भंगारात रवाना करण्यापूर्वी, भिंतीतील 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे यंत्रास मानवेल अशा, बहुधा 24 ते 32 व्होल्टच्या, एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा जो पॉवर सप्लाय, त्याची तपासणी करणे इष्ट होय. येथे प्रवाह प्रथम एकदिश केला जातो, तेव्हा दाब सुमारे 325 व्होल्टपर्यंत चढतो. पुढे ट्रान्झिस्टर तो प्रतिसेकंद हजारो वेळा खंडित करतो, आणि या उच्च वारंवारतेमुळेच इवलासा ट्रान्सफॉर्मर दाब उतरवण्यास पुरेसा होतो. उष्णतेने कपॅसिटरमधील द्रव कालांतराने सुकतो व त्याचा माथा फुगतो, हे बिघाडाचे एक नित्याचे कारण.

बदली भागाचे व्होल्ट तंतोतंत तेच, धन-ऋण टोकांची मांडणी तीच आणि अँपिअर मूळ भागाइतके किंवा अधिक असावेत. अधिक अँपिअरने अपाय संभवत नाही, कारण यंत्र गरजेपुरताच प्रवाह ओढते. मात्र प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार काही काळ शिल्लक राहू शकतो. यास्तव बाहेरचा सुटा अडॅप्टर वाचकांनी खुशाल बदलावा, परंतु यंत्राच्या पोटातील उघड्या सर्किटचे काम जाणत्या कारागिराच्याच हवाली करावे.