संगणक-जालाची केबल

संगणक, स्विच, मुद्रक इ. उपकरणे परस्परांना जोडण्यासाठी वापरण्यात येणारी, तांब्याच्या आठ निरोधित तारांची केबल. या तारांच्या पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. केबलीच्या प्रत्येक टोकास आठ स्पर्शकांचा, व्यवहारात आरजे-४५ म्हणून ओळखला जाणारा प्लग बसवितात. दोन्ही टोकांस तारांचा क्रम सारखा असल्यास तिला सरळजोड केबल म्हणतात. ठराविक जोड्यांची अदलाबदल केलेली असल्यास ती उलटजोड वा क्रॉसओव्हर केबल होय.

प्लगची खिटी मागे व केबल खाली राहील असे धरल्यास डावीकडचा स्पर्शक पहिला असतो. टी५६८बी या मानक रचनेत पहिल्यापासून क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी व तपकिरी. टी५६८ए रचनेत नारिंगी व हिरव्या जोड्या एकमेकींच्या जागी येतात. विद्युत् दृष्ट्या दोन्ही रचना सारख्याच चांगल्या आहेत. मात्र एका इमारतीत एकच पाळावी लागते.

१९९० मध्ये मानक ठरलेल्या सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या व १९९५ मधील १०० मेगाबिट वेगाच्या पद्धतींत संगणक १ व २ या स्पर्शकांवरून संदेश पाठवितो आणि ३ व ६ यांवरून घेतो. स्विचमध्ये ही योजना उलट असल्याने संगणक व स्विच यांमध्ये सरळजोड केबल चालते. दोन संगणक थेट जोडल्यास मात्र दोघेही एकाच जोडीवर बोलतात व ऐकणारा कोणी उरत नाही. म्हणून एक टोक ए व दुसरे बी रचनेचे करावे लागे. १९९९ च्या १,००० मेगाबिट पद्धतीत चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांना संदेश जातात. आधुनिक उपकरणे जोड्यांची अदलाबदल आपोआप करून घेत असल्याने उलटजोड केबलीची गरज आता जुन्या उपकरणांपुरतीच उरली आहे.

रंग लक्षात ठेवण्यापेक्षा जोडी न फोडणे अधिक महत्त्वाचे आहे. संदेश जोडीतील दोन तारांमधील विद्युत् दाबाच्या फरकाने वाहून नेला जातो. पिळामुळे बाह्य व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो व फरक घेताना नाहीसा होतो. खांबांवरील जुन्या दूरध्वनी तारांची ठराविक अंतरावर अदलाबदल करीत, तीही याच कारणासाठी. मधले ४ व ५ हे स्पर्शक दूरध्वनीच्या जोडीशी जुळावेत म्हणून राखले गेले. त्यामुळे एक जोडी ३ व ६ अशी दुभंगून बसते. नवखा कारागीर जोड्या ओळीने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा लावतो. मग ३ व ६ वर वेगवेगळ्या जोड्यांतील तारा येतात व पिळाचा उपयोग नाहीसा होतो. साध्या परीक्षकाचे आठही दिवे मात्र क्रमाने लागतात, कारण प्रत्येक तार योग्य स्पर्शकाला पोहोचलेली असते. आखूड केबलीत व कमी वेगात हा दोष लपतो. वेग वाढताच संदेश बिघडू लागतात. जोड्यांमधील परस्पर व्यत्यय मोजणारे उपकरणच तो दाखविते.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. अशा ठिकाणच्या कार्यालयीन इमारतींत केबली भिंतींत व छतांच्या पोकळीत गाडल्या जातात, म्हणून जोडणीतील दोष नंतर शोधणे खर्चाचे ठरते. उपकरणापासून उपकरणापर्यंत तांब्याच्या केबलीची लांबी १०० मी. पेक्षा अधिक नसावी. यापैकी कायम बसविलेला भाग ९० मी. पर्यंत असतो. टोकाशी पीळ सु. १३ मिमी. पेक्षा जास्त उलगडू नये. इमारतींमधील जोडणीसाठी प्रकाशीय तंतू वापरणे इष्ट असते, कारण पावसाळ्यात विजेचा आघात तांब्याच्या तारेवाटे दोन्हीकडील उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो.