देहाचे गोदाम

गोंदियाला तांदळाची नगरी म्हणतात. दिवाळीच्या सुमारास नवे धान भातगिरण्यांकडे येऊ लागते. रोजच्या विक्रीपुरता माल दुकानात राहतो, उरलेला गोदामात जातो. हा व्यवहार ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या पाहिला, त्यांना शरीरातील मेदाचे गणित समजणे अवघड नाही.

भात, पोळी, साखर यांचे पचनानंतर मुख्यतः ग्लुकोज होते. रक्तातील ग्लुकोज वाढताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. त्याच्या प्रभावाने पेशी ग्लुकोज वापरू लागतात. उरलेले ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम साठते. हा दुकानातील माल. ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तिप्पट पाणी बाळगते, म्हणून त्याचा मोठा साठा शरीराला परवडत नाही. मेद जवळजवळ कोरडा असतो आणि ग्रॅममागे ९ कॅलरी देतो. पिष्टमय पदार्थ केवळ ४. दीर्घकालीन साठवणीसाठी शरीर मेदच निवडते.

दुकान भरले, की यकृत जादा ग्लुकोजपासून मेदाम्ले घडविते. त्यांचे ट्रायग्लिसराइड होऊन ते रक्तावाटे मेदपेशींत पोहोचते. साखरेतील फ्रुक्टोजला तर ही वाट अधिकच सुलभ असते. मात्र नेहमीच्या मिश्र आहारात अशा थेट रूपांतराचा वाटा थोडाच. खरी हानी निराळ्या मार्गाने होते: शरीर आधी ग्लुकोज जाळते आणि त्याच जेवणातील तूप-तेल गोदामात टाकते. शिवाय इन्सुलिन चढे असेतो गोदामाचे दार बाहेरच्या बाजूस बंदच राहते. दिवसभर गादीवर बसून चहा-फरसाण चालू ठेवणाऱ्याचे दार उघडणार तरी केव्हा?

‘मी तर सडपातळ आहे’ हे समाधानही पुरेसे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; परंतु मेद युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! आपल्याकडे मेद पोटात, यकृताभोवती दडतो आणि मधुमेहाला आमंत्रण देतो.

आपल्या परंपरेतील ऊनोदरी म्हणजे भुकेहून थोडे कमी खाणे, आणि चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर आहार-पाण्याचा त्याग. त्यांचा हेतू कर्मनिर्जरा आहे, वजन घटविणे नव्हे. तरीही रात्रीच्या दीर्घ विरामात इन्सुलिन उतरते आणि साठलेला मेद बाहेर पडू लागतो, हा लाभ आपोआप मिळतो. पण उपवासानंतरचे पारणे मिठाई-पुरीने साजरे केले, तर रिकामे झालेले गोदाम पुन्हा भरते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र तपापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

अपरिग्रहाचे व्रत आपण धनाच्या तिजोरीला लावतो. ते ताटालाही लावून पाहावे.