डॉक्टरांचा संप : हक्क कोणाचा, दुःख कोणाच्या वाट्याला?

निवासी डॉक्टरांचा संप सुरू झाला की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला म्हणतो, "डॉक्टर म्हणजे देव, देवाने संप करायचा नसतो." दुसरा म्हणतो, "डॉक्टरही माणूस आहे, पाठिंबा द्या." आणि पहाटेची एसटी धरून घाटी, ससून, केईएम किंवा नागपूरच्या मेडिकलला आलेली एखादी म्हातारी बंद ओपीडीसमोर केसपेपर हातात धरून बसलेली असते. तिला कोणीच काही विचारत नाही.

ती म्हातारी बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते. खाजगी दवाखान्याचे बिल भरण्याची ऐपत असलेला माणूस सरकारी रुग्णालयाच्या रांगेत सहसा उभा राहत नाही. दुसरीकडे, आरक्षणामुळे आणि आईबापांच्या कष्टामुळे आता आपलीही मुले-मुली एमबीबीएस, एमडी करत आहेत आणि याच रुग्णालयांत राबत आहेत. म्हणजे संपात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. म्हणून "संप योग्य की अयोग्य" या प्रश्नाचे उत्तर आपण घाईने देऊ नये. बाबासाहेब आणि तथागत या दोघांकडून याबाबत काय शिकता येते, ते नीट समजून घेतले पाहिजे.

मागणी नेमकी काय असते?

निवासी डॉक्टर म्हणजे एमबीबीएस होऊन पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर. कागदावर तो विद्यार्थी असतो. प्रत्यक्षात मोठे सरकारी रुग्णालय रात्रंदिवस त्याच्याच जिवावर चालते. त्याला मिळते ते विद्यावेतन.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याचे काम साधारण ४८ तास असावे आणि एक साप्ताहिक सुट्टी मिळावी. प्रत्यक्षात मोठ्या रुग्णालयांत सलग ३६ तासांची ड्यूटी हा नेहमीचा अनुभव आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ४८ तासांचा नियम असताना ७४ तासांवर आणण्याची शिफारस करावी लागते, यावरूनच परिस्थिती कळते.

महाराष्ट्रातल्या संपांच्या मागण्या पाहा. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाल्यानंतर राज्यभरचे डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, ते सुरक्षेसाठी. जानेवारी २०२३ मध्ये मार्डने संप केला तो वरिष्ठ निवासी डॉक्टरांची पदे भरावीत, वसतिगृहांची दुरवस्था थांबवावी यांसारख्या मागण्यांसाठी. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी ज्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, ती दीर्घ ड्यूटीत थोडी विश्रांती घ्यायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती.

कामाच्या ठिकाणची परिस्थिती म्हणजे केवळ तास आणि पैसे नव्हेत. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला आणि त्यावर गुन्हा दाखल झाला. जातीचा जाच हाही कामाच्या परिस्थितीचाच भाग आहे. संपाच्या मागणीपत्रात तो किती वेळा लिहिला जातो, हे आपण विचारले पाहिजे.

"सेवा" या शब्दामागे काय लपते?

"ही अत्यावश्यक सेवा आहे, इथे संप चालणार नाही" हा युक्तिवाद डॉक्टरांच्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधी आपल्या माणसांना ऐकवला गेला आहे. ब्रिटिश काळात काही प्रांतांत सफाई कामगाराने काम नाकारणे हा फौजदारी गुन्हा होता. तुमचे काम पवित्र सेवा आहे, त्यामुळे तक्रार असली तरी संप करू नका, असा उपदेश गांधीजींनीही सफाई कामगारांना केला. बाबासाहेबांनी त्यावर कठोर टीका केली. एखाद्याच्या कामाला पवित्र म्हणायचे आणि ते नाकारण्याचा त्याचा हक्क काढून घ्यायचा, ही गुलामगिरी टिकवण्याची जुनी पद्धत आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. त्यात बेकायदा ठरवलेल्या संपासाठी तुरुंगवासाची तरतूद होती. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, काम सोडणे हा फार तर कराराचा भंग ठरेल, तो गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती पुढे आली आणि १९४६ मध्ये तिचा कायदा झाला. निवासी डॉक्टर आज जो ४८ तासांचा नियम मागतात, त्या आकड्यामागे हा इतिहास आहे.

आजचा कायदा मात्र संपकऱ्याच्या बाजूने फारसा नाही. संघटना करण्याचा मूलभूत हक्क संविधानाने दिला आहे, पण संप हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. २००३ च्या निकालात तर सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा नैतिक हक्कही नाही, असे म्हटले गेले. राज्य सरकारच्या हातात मेस्मा आहेच. पण कायदेशीर काय आणि न्याय्य काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आंबेडकरी माणसाला वेगळे सांगायला नको.

धम्म काय सांगतो?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. त्याची कोणी विचारपूस करत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ करून खाटेवर निजवले. हा प्रसंग आपण सगळे सांगतो. पण पुढचा भाग आपल्याकडून सुटतो. तथागतांनी भिक्खूसंघाला एकत्र बोलावले आणि जबाबदारी ठरवून दिली. आजाऱ्याची शुश्रूषा उपाध्यायाने करावी, आचार्याने करावी, शिष्याने करावी. कोणीच नसेल तर ती संपूर्ण संघाची जबाबदारी, आणि संघाने ती टाळली तर दोष संघाचा. म्हणजे रुग्णसेवा एखाद्या त्यागी माणसाच्या चांगुलपणावर त्यांनी सोडली नाही, तिची व्यवस्था लावली.

याच महावग्गात जीवकाचीही एक कथा आहे. मगधात पाच रोगांची साथ पसरली. लोक जीवकाकडे धावले. जीवक म्हणाला, माझ्यावर राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि भिक्खूसंघ यांच्या उपचारांचा भार आहे, मला शक्य नाही. तेव्हा लोक उपचारासाठी म्हणून प्रव्रज्या घेऊ लागले. भिक्खूंवर ताण आला, जीवकालाही काम झेपेना. त्याने तथागतांकडे जाऊन हे मांडले. तथागतांनी त्याला आणखी त्याग करण्याचा उपदेश केला नाही. त्या रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम केला. ही कथा वाचताना अस्वस्थ वाटते, कारण त्या रोग्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मनात उरतो. पण दोन गोष्टी तिच्यातून स्पष्ट होतात. वैद्याच्या शक्तीलाही मर्यादा असते. आणि ती मर्यादा सांभाळताना कोणीतरी रोगी दाराबाहेर राहतो, हेही खरे असते.

सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाशी कसे वागावे, हे सांगितले आहे : झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. सेवकानेही आपले काम नीट करावे, असे तेच सुत्त सांगते. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. ३६ तासांची ड्यूटी लावणारे शासन पहिल्याच अटीत नापास होते.

पण दुःख कोणाच्या वाट्याला येते?

गिरणी बंद पडली की मालकाचा नफा बुडतो, म्हणून तो बोलणी करतो. सरकारी रुग्णालय बंद पडले तर मंत्र्याचे काही बुडत नाही. बुडतो तो रुग्ण. डॉक्टरांच्या संपाची सगळी नैतिक अडचण इथे आहे. दबाव शासनावर आणायचा असतो, पण तो रुग्णाच्या शरीरातून जातो.

जगभरातल्या काही संपांचा अभ्यास करून २००८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्या संपांच्या काळात मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही, काही ठिकाणी घटले, असे त्यात आढळले. याचे एक कारण असे की, तातडीची सेवा चालू होती आणि पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रियाच थांबल्या होत्या. संपाचे समर्थक हा दाखला देतात, पण कारण सांगायला विसरतात. शिवाय आपल्याकडे कर्करोगाची तारीख मिळायलाच महिने जातात. गरिबाच्या दृष्टीने "पुढे ढकलण्याजोगे" फार थोडे असते.

कोलकात्यात २०२४ चा संप ४२ दिवस चालला. संपामुळे २९ रुग्णांचा मृत्यू झाला, असे राज्य सरकारने म्हटले आणि त्यांच्या कुटुंबांना मदत जाहीर केली. डॉक्टरांनी तो आरोप नाकारला. वरिष्ठ डॉक्टर काम करत होते, असे त्यांचे म्हणणे होते. संपकरी डॉक्टरांनी 'अभया क्लिनिक' नावाने बाहेर रुग्णही तपासले. खरे-खोटे काहीही असो, असा आरोप होऊ शकतो, हे लक्षात घेऊनच संपाची आखणी झाली पाहिजे.

त्याच वेळी शासनाची जबाबदारीही विसरता येत नाही. त्याच बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तातडीचे उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. तेव्हा कोणी संपावर नव्हते. खाटा आणि माणसे अपुरी असतात, तेव्हा गरिबासाठी रुग्णालय रोजच थोडे बंद असते. तो बंद बातमीत येत नाही, इतकेच.

प्रत्येक संप आपला नाही

२००६ मध्ये दिल्लीत एम्ससह अनेक रुग्णालयांच्या डॉक्टरांनी संप केला. तो कामाचे तास किंवा सुरक्षेसाठी नव्हता. केंद्रीय संस्थांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण मिळू नये, यासाठी होता. पुढे डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ च्या अहवालात एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव नोंदवला. संपाचे हत्यार तेच, पण वापर उलटा. दुसऱ्याचा हक्क हिरावण्यासाठी रुग्णाला ओलीस धरणे याला हक्काची लढाई म्हणता येत नाही.

चार प्रश्नांची कसोटी

धम्मात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. पण हेतू चांगला असला की परिणामांची जबाबदारी संपत नाही. पुढचा संप झाला की हे चार प्रश्न विचारू या.

१. मागणीत रुग्णाचे हित आहे का? झोपलेला डॉक्टर, भरलेली पदे, चालू असलेली यंत्रे यांचा फायदा रुग्णालाही होतो. निव्वळ विशेषाधिकार टिकवण्याच्या मागणीचा होत नाही.

२. आधीचे मार्ग वापरले का? निवेदन, काळ्या फिती, चर्चा, पूर्वसूचना. आणि शासनाने दिलेली लेखी आश्वासने पाळली का? वारंवार फसवणूक झाली असेल तर संपाचा दोष शासनाकडे जातो.

३. अपघात विभाग, आयसीयू, प्रसूती, डायलिसिस चालू आहे का? ही सेवा बंद करणाऱ्या संपाचे समर्थन करता येणार नाही, मागणी कितीही न्याय्य असो.

४. संपात वॉर्डबॉय, मावशी, सफाई कामगार, कंत्राटी परिचारिका यांना जागा आहे का? डॉक्टर संपावर गेले की बातमी होते, आणि कंत्राटी सफाई कामगाराचा पगार थकला तर होत नाही. दोघे एकाच वॉर्डात राबतात.

माझ्या मते, या चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर आपण त्या संपाच्या बाजूने उघडपणे उभे राहिले पाहिजे. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो संप आपल्या मित्रांचा असला तरी त्यांना तोंडावर सांगितले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

समाजातल्या निवासी डॉक्टरांनी मार्डच्या बैठकांत बोलले पाहिजे. रुग्णांसाठी पत्रक काढा, कोणती सेवा चालू आहे ते साध्या मराठीत लिहून फाटकावर लावा, आणि जातीच्या छळाविरुद्धची यंत्रणा ही मागणी पत्रात घालायला लावा.

कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मंजूर पदे किती, रिक्त किती, हे माहिती अधिकारात मागावे. संप नसतानाच मागावे. आंबेडकर जयंतीला रक्तदान शिबिर घेणाऱ्या मंडळांना हे काम अवघड नाही.

आणि वस्तीत एक गोष्ट ठामपणे सांगावी : उशीर झाला, माणूस दगावला, तरी डॉक्टरवर हात उचलायचा नाही. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेपेक्षा मोठे कारण दुसरे आहे. ज्याला आपण मारतो तो ३० तास जागा असलेला, आपल्यासारख्याच घरातून आलेला पोरगा असू शकतो. आणि ज्याने ती खाट, ते पद, ते यंत्र दिले नाही, तो त्या वॉर्डात नसतो.

बंद ओपीडीसमोर बसलेल्या म्हातारीला आणि आत न झोपता राबणाऱ्या डॉक्टरला एकाच व्यवस्थेने थकवले आहे. तथागतांनी संघाला विचारले होते, तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? आज तो प्रश्न शासनाला आहे. तो डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून विचारला, तर कदाचित संपाची वेळच कमी येईल.