मिसळणें आणि संयोग पावणें

महसूल खात्यांत आमचीं तीस वर्षांहून अधिक वर्षें कारकुनींत गेलीं. तेथें जमिनीविषयीं पहिला प्रश्न असे तो तिच्या वर्गाचा : जिरायत, बागायत कीं तरी ? वर्ग चुकला कीं आकार चुके, आणि आकार चुकला कीं खातेदाराचें नुकसान होई. सृष्टींतील पदार्थांचेंही असेंच आहे. त्यांचे वर्ग रसायनशास्त्रानें ठरविले आहेत; ते न जाणल्यामुळें शेतकऱ्याचें जें नुकसान होतें तें मात्र कोणत्याच खातेवहींत उतरत नाहीं.

असें एक नुकसान आम्हीं स्वतः करून घेतलें आहे. नोकरींतून मोकळे झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यांत भाताच्या खाचरांस अमोनियम सल्फेट द्यावयाचें होतें. जमीन आंबट, म्हणून तीस चुनाही हवा होता. दोन खेपा कशाला, अशा विचारानें आम्हीं दोन्ही वस्तु खळ्यावर एकत्र कालविल्या. ढिगांतून झोंबरा वास सुटला व डोळ्यांस पाणी आलें. खत जोरदार आहे असें समजून आम्हीं समाधान मानिलें ! पुढें भात पिवळेंच राहिलें. तो वास म्हणजे आमचा पैसाच उडून जात होता, हें मागाहून कळलें. कसें तें आतां सांगतों.

जें जागा व्यापतें व ज्यास वजन आहे तें सर्व द्रव्य होय. माती, पाणी हीं द्रव्यें आहेत हें सांगावयास नको. पण हवाही द्रव्यच आहे. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलींतील हवेचें वजन सुमारें ३० किलो भरतें. द्रव्याच्या अवस्था मुख्यत्वें तीन. घन पदार्थ आपला आकार राखितो. द्रव भांड्याचा आकार घेतो, पण त्याचें आकारमान कायम राहतें. वायूस मात्र ना आकार, ना मर्यादा. त्यास बांध घालतां येत नाहीं, ही गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवावी. पाण्याचें बर्फ झालें किंवा वाफ झाली तरी पाणी पाणीच राहतें. अवस्था पालटली म्हणून वस्तु पालटत नाहीं.

आतां वर्गीकरण पाहूं. ज्याचें रासायनिक रीतीनें पृथक्करण करून आणखी साधा पदार्थ निघत नाहीं तें मूलद्रव्य. लोखंड, तांबें, गंधक, नत्र हीं मूलद्रव्यें होत. आजवर ११८ मूलद्रव्यें ज्ञात झालीं आहेत. दोन किंवा अधिक मूलद्रव्यें ठराविक प्रमाणांत संयोग पावलीं म्हणजे संयुग होतें, आणि संयुगाचे गुण त्याच्या घटकांहून अगदीं निराळे असतात. सोडियम ही धातु पाण्यांत पडतांच भडका घेते व क्लोरीन हा विषारी वायु आहे. पण दोहोंच्या संयोगानें झालेलें मीठ आपण रोज जेवणांत घेतों. मिश्रणांत मात्र प्रत्येक वस्तु आपला गुण राखून असते. गंधकाची पूड व लोखंडाचा कीस एकत्र कालवा. लोहचुंबक फिरवितांच कीस वेगळा निघतो. तेंच मिश्रण चांगलें तापविलें तर दोहोंचें काळें संयुग बनतें व चुंबकानें लोखंड वेगळें काढतां येत नाहीं.

हा भेद खताच्या पोत्यासही लागू आहे. शुद्ध युरिया हें संयुग आहे. त्याच्या ६० भाग वजनांत २८ भाग नत्र असतो; हें प्रमाण सृष्टीनें ठरविलेलें असून कारखानदारास तें पालटतां येत नाहीं. म्हणूनच युरियाच्या पोत्यावर सर्वत्र ४६ टक्के हाच आंकडा दिसतो, व ४५ किलोच्या पोत्यांत २०.७ किलो नत्र येतो. मिश्रणाचें प्रमाण मात्र मिसळणाराच्या हातीं असतें. तेथें आंकडे वाचल्याखेरीज पैसे मोजूं नयेत. युरियांत वाळू मिसळली असेल तर पेलाभर पाण्यांत ढवळतांच ती तळाशीं बसते. मीठ मिसळलें असेल तर तेंही विरघळून जाईल, म्हणून शंका आल्यास प्रयोगशाळेंतच नमुना द्यावा.

आमच्या खळ्यावर जें झालें तें निव्वळ मिसळणें नव्हतें. अमोनियम सल्फेटमधील सल्फेटाचा अंश चुन्यानें ओढून घेतला व त्याचा जिप्सम झाला. नत्र अमोनिया या वायूच्या रूपानें सुटला. ५० किलोच्या पोत्यांत सुमारें १० किलो नत्र असतो. त्यांतील किती गेला याचा हिशेब आम्हांस लागणें नाहीं. राखही चुन्याप्रमाणेंच अल्कधर्मी आहे, तेव्हां तीही या खतांत कालवूं नये. युरिया ओल्या जमिनीवर उघडा पडला तरी त्यापासून अमोनिया होऊन उडतो. यास्तव तो मातीआड करावा किंवा लागलीच हलकें पाणी द्यावें.

द्रव्य नष्ट होत नाहीं, केवळ रूप व ठिकाण पालटतें, हें फ्रान्समधील लाव्हाझिए यानें तराजू हातीं घेऊन दाखविलें. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १७८९ सालचा. हा गृहस्थ सरकारसाठीं कर गोळा करणाऱ्या मक्तेदार मंडळींपैकीं होता व स्वतःच्या शेतावर जमाखर्च ठेवून प्रयोगही करीत असे. राज्यक्रांतींत १७९४ सालीं त्या मक्तेदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला. आमच्यासारख्या महसुली माणसास त्याचें म्हणणें लवकर पटतें : जमेस आलेलें खर्चीं कोठें पडलें, हें शोधलेंच पाहिजे. आमचा नत्र सृष्टींत शिल्लक होता. आमच्या बांधाच्या आंत मात्र नव्हता.

संयोग नेहमींच घातक असतो असें मात्र नव्हे. द्राक्षाच्या केवडा रोगावरील बोर्डो मिश्रण हें नांवानें मिश्रण असलें तरी मोरचूद व चुना यांच्या संयोगावरच त्याचें काम चालतें. फ्रान्समधील बोर्डो येथील मिलार्दे यानें १८८५ सालीं तें प्रसिद्ध केलें. एक टक्क्याच्या मिश्रणासाठीं १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत व १ किलो कळीचा चुना विरवून ५० लिटर पाण्यांत घेतात. मग गाळलेली चुन्याची निवळी नव्हे, तर गाळलेलें दूध व मोरचुदाचें पाणी तिसऱ्या भांड्यांत एकदम ओतीत ढवळतात. भांडें लोखंडी नसावें. नंतर लोखंडी सुरीचें स्वच्छ पातें मिनिटभर बुडवावें. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळें तांबें शिल्लक आहे व त्यानें पानें करपतील. तेव्हां आणखी चुन्याचें दूध घालावें. तयार झालेला निळा पदार्थ पाण्यांत विरघळत नाहीं, तरंगत राहतो. म्हणून फवारतांना ढवळीत राहावें व त्याच दिवशीं संपवावें.

ठिबक संच असणारांस याच भेदाची निराळी प्रचीति येते. कॅल्शियम नायट्रेटचें पाणी स्वच्छ, मोनो अमोनियम फॉस्फेटचेंही स्वच्छ. पण दोन्ही घट्ट द्रावणें एका टाकींत ओतलीं कीं पांढरा साका बसतो. दोन द्रवांपासून न विरघळणारा घन पदार्थ झाला. तो नळ्यांत शिरून तोट्या बुजवितो, आणि महागाचें खत पिकाऐवजीं संचांत अडकतें. कॅल्शियम नायट्रेट व सल्फेट असलेलीं खतें यांचीही हीच गत होते. अशीं खतें वेगवेगळ्या दिवशीं सोडावीं.

यावरून एकच नियम हातीं येतो. दोन वस्तु एकत्र करण्यापूर्वीं त्या नुसत्या मिसळतील कीं संयोग पावतील, हें विचारावें. माहिती नसेल तर घागरभर करण्याआधीं कांचेच्या पेल्यांत चिमूटभर करून पाहावें. वास सुटला, ऊब आली, रंग पालटला किंवा साका बसला तर नवीन वस्तु झाली असें समजावें व जाणत्यास विचारल्याशिवाय पुढें जाऊं नये. कांहींच दिसलें नाहीं तरी पोत्यावरील सूचना वाचण्याचें काम चुकत नाहीं.

सात-बाराच्या उताऱ्यावर एक अक्षर चुकलें तर आपण कचेरीच्या दहा खेपा घालतों. मग ज्या पोत्यावर सबंध हंगाम अवलंबून आहे त्यावरील दोन ओळी वाचण्याचा आळस कां करावा ? आम्हीं केला, आमच्या वाचकांनीं तो करूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.